सुट्टीत १८ मुलं आणि हात लावू देणारं वाहतूक संग्रहालय : कोकणातून काय जमेल?

खाडीपलीकडची

मे महिन्याच्या शिबिरातली १८ मुलं आहेत, वयं ७ ते १२. सोबत मोठी माणसं तीन. निघायचं गुहागर तालुक्यातून. आगगाडी, बोट, एसटी, विमान, काहीही चालेल. फक्त सगळं काचेआड नको. मुलांना फिरवता, ढकलता, मोजता यायला हवं. मुंबई, गोवा की इथेच काही? पैशांपेक्षा दगदगीचा हिशेब सांगा.

रूळमाप

ताई, आधी ठिकाणं बघू.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. १९८५ सालचं आहे. तरफा, कप्प्या, दातेरी चाकं असं स्वतः फिरवून बघायचं पुष्कळ, आणि बाहेरच्या बागेत वाफेचं इंजिन आणि ट्राम. तुमच्या अटीत हेच सगळ्यात नीट बसतं.

आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय. ट्राम आणि बसच्या प्रतिकृती, जुनी तिकीटयंत्रं. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. हा क्रम तिथे बघत बघत सांगता येतो. हाताळायला मात्र कमीच. जाण्याआधी चौकशी करून घ्या.

गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय. सोमवारी बंद. विमानं उघड्यावर उभी आहेत, त्यामुळे मे महिन्यात साडेअकरानंतर मुलांचं लक्ष विमानावर नसतं, सावलीवर असतं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. काम देखणं, पण ते बघायचं, हात लावायचा नाही. सात वर्षांच्या मुलाला तासभर हात मागे बांधून उभं करणं म्हणजे शिक्षाच.

नेरळ-माथेरानची गाडी (१९०७) हे संग्रहालय नव्हे, पण मला विचाराल तर पहिल्या तिघांत घेईन. रुळांमधलं अंतर ६१० मिमी, आपल्या कोकण रेल्वेचं १६७६ मिमी. मुलांना दोन्ही मापांच्या दोऱ्या कापून खिशात द्या. शेजारच्या मुलाशी मापं ताडून बघण्यातच अर्धा प्रवास जातो. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान चालते.

नाखवा_दर्यावरचो

पोरांका मुंबयक कित्याक व्हरतास? फेरीबोट दारात आसा!

दाभोळ-धोपावे तुमच्या तालुक्यातच. जयगड-तवसाळही. गाड्या कशा लावतात, फळी कशी उतरते, बोट कुठल्या बाजूला कलते, सगळं पाच फुटांवरून दिसतं. कुठलं संग्रहालय एवढं दाखवणार आहे?

खाडीपलीकडची

नाखवा, मुद्दा पटला. पण मुलं रोज फेरीबोटीतून जातात, त्यांना त्यात नवल उरलेलं नाही.

गणितबाई

नवल संपलं कारण कोणी मोजायला लावलं नाही.

माझं मत स्पष्टच सांगते. मुलांना थेट संग्रहालयात सोडलं की ती बटणं दाबत सुटतात. दाबलं, हललं, पुढचं. दोन तासांत साठ बटणं होतात आणि घरी येऊन आठवतं ते आइस्क्रीम. त्याआधी दोन-तीन गोष्टी हातांना माहीत असल्या की तीच मुलं एका यंत्रापाशी दहा मिनिटं थांबतात. म्हणून आदल्या आठवड्यात शिबिरातच तीन प्रयोग करा. पहिला मी देते.

रुळावरून चाक का उतरत नाही? सामान, सहा मुलांच्या एका गटाला: चहाचे मोठे कागदी कप ४, चिकटपट्टी, वायरिंगच्या केसिंगच्या एक मीटरच्या दोन सरळ पट्ट्या, दोन-चार पुस्तकं.

दोन कप तोंडाला तोंड लावून जोडा. उरलेले दोन बुडाला बूड लावून जोडा. पट्ट्या समांतर ठेवा. कप ८ सेंमी उंच असेल तर जोडी १६ सेंमी लांब होते, तेव्हा पट्ट्यांमधलं अंतर ९-१० सेंमी. एक टोक पुस्तकांवर ५-६ सेंमी उचला. आता पहिली जोडी मुद्दाम थोडी वाकडी ठेवून सोडा. डुलत डुलत मध्यावर येते आणि खाली पोचते. दुसरी जोडी हातभरसुद्धा जात नाही, एका बाजूला घसरून पडते.

कारण असं. तोंडाला तोंड जोडलेली जोडी डावीकडे सरकली की डाव्या पट्टीवर कपाचा जाड भाग येतो. जाड भाग एका फेरीत जास्त अंतर कापतो, त्यामुळे डावी बाजू पुढे जाते आणि जोडी उजवीकडे वळते. दुसऱ्या जोडीत हेच उलटं होतं, चूक वाढत जाते. आगगाडीचं चाकही सपाट नसतं. आतल्या कडेला जाड आणि बाहेर उतरतं, २० ला १ असा उतार. कडेची उभी धार असते ती शेवटचा आधार म्हणून.

काय बिघडतं: पट्ट्यांमधलं अंतर वाढलं तर कप मध्ये पडतो. चढ जास्त दिला तर जोडी सावरायच्या आत खाली पोचते. चिकटपट्टीची घडी पट्टीवर येत असेल तर दर फेरीला गचका बसतो. आणि लांबड्या लाकडी पट्ट्या घेऊ नका, आपल्या हवेत वाकलेल्याच असतात.

सड्यावरून

+१. हा प्रयोग सात वर्षांच्यांनाही जमतो. फक्त 'का' विचारायची घाई नको, आधी पाच-सहा वेळा पडू द्या.

आगारवाला

दुसरा प्रयोग माझा, ब्रेकचा. बिनसुईच्या नव्या सिरिंज, २० मिलीची एक आणि ५ मिलीची एक. मधे माशांच्या टाकीला हवा सोडायची पारदर्शक नळी, अर्धा मीटर. १८ मुलांना असे तीन संच पुरतात.

बादलीत सगळं बुडवून भरा. पाण्याबाहेर जोडलंत तर नळीत बुडबुडा राहतोच. आता एका मुलाने लहान दट्ट्या दाबायचा, दुसऱ्याने मोठा अडवायचा. लहान दाबणारा जिंकतो, कारण मोठ्याचं तोंड साधारण अडीचपट क्षेत्रफळाचं आहे. पण फुकट काही मिळत नाही: ५ ची पूर्ण दाबली तरी २० ची सरकते फक्त ५ च्या खुणेपर्यंत. जॅक आणि गाडीचा ब्रेक, दोन्हींचं मर्म एवढंच.

मग मुद्दाम एक बुडबुडा सोडा. दट्ट्या लुसलुशीत लागतो, आधी हवा दबते आणि मग पाणी हलतं. रिक्षाचा ब्रेक 'पंप मारल्याशिवाय लागत नाही' म्हणतात तो हाच आजार. गॅरेजवाला 'एअर काढतो' म्हणजे हा बुडबुडा काढतो.

सड्यावरून

काका, मग एसटीला तर हवेचेच ब्रेक. हवा दबते, तर ते कसे चालतात? दहावं वर्ष लागलेलं कोणीतरी हे विचारणारच.

आगारवाला

विचारू देत, चांगलाच प्रश्न आहे. एसटीत इंजिनवर कॉम्प्रेसर असतो, तो टाकीत हवा सतत भरत राहतो. थोडी दबली, थोडी गळली, तरी मागून येतच असते. तेलाच्या ब्रेकला मागून भरणारं कोणी नाही, गळलं की गेलं. शिवाय उभ्या गाडीचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. म्हणजे हवा संपली तर गाडी धरून ठेवली जाते. म्हणून सकाळी पहिल्या गाडीचा ड्रायव्हर इंजिन चालू करून काटा वर येईपर्यंत थांबतो. 'फुस्स' आवाज येतो तो ब्रेक सोडताना बाहेर पडणाऱ्या हवेचा.

हे ऐकवायला आगारात न्यायचं असेल तर आगार व्यवस्थापकांना आठवडाभर आधी पत्र द्या: मुलांची संख्या, वयं, सोबतची माणसं, वेळ. दुपारी दीड-दोनचा सुमार बरा, सकाळी आणि संध्याकाळी गाड्यांची ये-जा जास्त. दुरुस्तीच्या खड्ड्याच्या कडेला तेल सांडलेलं असतं, तेव्हा मुलं कडेपासून दोन मीटर लांब, आणि चप्पल नको, बूट. एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली, हे आगारात सांगा. त्याच वेळी कोणा जुन्या कंडक्टरकडचा तिकिटाचा चिमटा मुलांना वाजवायला मिळाला तर मजा येईल.

नाखवा_दर्यावरचो

तिसरा प्रयोग बोटीचा, तो माझा.

स्वयंपाकघरातला फॉइल कागद, ३० बाय ३० सेंमी, दुहेरी. चारी कडा ३ सेंमी उभ्या करा, कोपरे कापू नका, दुमडा. तळ उरला २४ बाय २४. म्हणजे काठोकाठ बुडेपर्यंत २४×२४×३ = १७२८ घन सेंमी पाणी बाजूला सारणार, गोड्या पाण्यात साधारण पावणेदोन किलो वजन तरणार. हे झालं कागदावर. आता १०० ग्रॅम वाळूच्या पुड्या बांधून एकेक ठेवायला लावा. सतरापर्यंत कोणी पोचत नाही. का? पुडी मध्यावर ठेवली की तळ खोलगट होतो, कडेला ठेवली की बोट कलते आणि एका कोपऱ्यातून पाणी आत येतं. बोट वजनाने बुडण्याआधी कलून बुडते, हे मुलांनी बोटांनी अनुभवायला हवं.

मग रिकाम्या बोटीत पेलाभर पाणी ओता आणि जरा हलवा. पाणी कलत्या बाजूलाच धावतं आणि बोट आणखी कलते. म्हणूनच मचव्यातलं पाणी सतत उपसायचं असतं. आणि डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका कठड्याला धावायचं नाही, ते याचसाठी.

यानंतर फेरीबोटीवर न्या. प्रत्येकाकडे वही: किती गाड्या, कुठली मधे, कुठली कडेला, ट्रक चढताना बोटीचं नाक किती बुडतं. नवल परत येईल.

खाडीपलीकडची

हे झकास आहे. पण ३२ सीटची मिनीबस फेरीबोटीत घालायची तर मागचा भाग घासतो असं ऐकते.

नाखवा_दर्यावरचो

ओहोटीला घासतो. पाणी खाली गेलं की बोट खाली जाते, धक्क्याचा उतार लांब आणि फळीचा कोन तिरका होतो. मागच्या चाकामागे ज्या गाडीचं धूड लांब, तिची शेपटी टेकते. भरतीच्या आगेमागे दीड-दोन तासांत गेलात तर चिंता नाही.

भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी: ८ × ३/४ = ६, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या: १५ × ३/४ = सव्वाअकरा. कृष्णपक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अंदाज आहे हा, पाऊण-एक तास मागेपुढे होतो, पण सहल ठरवायला पुरतो. आता यातली गोम बघा. पौर्णिमेला उधाण, सकाळी अकराला जाताना फळी जवळजवळ सपाट. परत साडेपाचला येता, तेव्हा पूर्ण ओहोटी आणि तीही उधाणाची, म्हणजे सगळ्यात खोल. मिनीबससाठी महिन्यातली सगळ्यात वाईट वेळ तीच. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं चढत-उतरत नाही. मिनीबस न्यायची तर तो आठवडा धरा.

नाहीतर बस अलीकडे उभी करा आणि मुलांना पायी बोटीत चढवा. गाड्या चढून झाल्यावर मुलं, उतरताना मुलं आधी की गाड्या आधी ते खलाशी सांगेल तसं.

रूळमाप

हे सगळं घरच्या घरी झालं, तर वरळीला जायचंच कशाला असं कोणी म्हणेल. जायचं ते खऱ्या आकारासाठी. एकच गोष्ट सांगतो, जी कुठल्याही खेळण्यात दिसत नाही.

बागेतल्या वाफेच्या इंजिनापाशी मुलांचे दोन गट करा. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. चाकाला जोडलेला जाड दांडा कुठे येऊन थांबलाय ते प्रत्येक गटाने घड्याळाच्या काट्यासारखं वहीत काढायचं. मग बाजू बदलायच्या. दोन्ही चित्रं जुळत नाहीत, पाव फेरीचा फरक असतो. मुलांना वाटतं आपलंच चुकलं. चुकलेलं नाही. दांडा अगदी सरळ रेषेत, पुढच्या किंवा मागच्या टोकाला असताना वाफेने कितीही ढकललं तरी चाक फिरत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी तिथे अडकल्या तर इंजिन सुटणारच नाही. पाव फेरीचा फरक ठेवला की एक बाजू अडकलेली असताना दुसरीचा जोर पुरा असतो. शिलाई मशीन पायाने चालवताना नेमकी हीच अडचण येते, चाकाला हाताने धक्का द्यावा लागतो. घरी जुनं मशीन असेल तर आदल्या दिवशी तेवढं करून बघा.

बाकी तिथे आठच यंत्रं निवडा, आणि प्रत्येकी सहा-सात मिनिटं. सहाचा गट, एक मोठा माणूस, एकजण फिरवणार, एकजण अडवणार, बाकी सांगणार काय हललं. तास संपला की पाणी-खाऊ, मग मुलांना अर्धा तास मोकळं सोडा. सगळं बघून घ्या असं धोरण ठेवलंत तर काहीच बघितलं जात नाही.

गणितबाई

ट्रामपाशी चाकं किती आणि इंजिनाला किती, एवढंही मोजलं तरी पुरे. सात वर्षांच्यांकडून दांड्याचं चित्र काढून घेण्याचा हट्ट नको.

खाडीपलीकडची

मग मुंबई ठरवतेच. गाडीचं कसं?

सड्यावरून

चिपळूणहून तुतारी रात्रीची धरा, सकाळी दादर. परतही तुतारीच. मुक्काम गाडीतच होतो, लॉज नको. पण तीन ठिकाणी लोक फसतात.

एक: परतीची तुतारी दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटते. १० तारखेच्या रात्री परत यायचं तर तिकीट ११ चं काढायचं. दरवर्षी कोणीतरी १० चं काढतं आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

दोन: ऑनलाइन एका तिकिटावर सहाच जण. तुमचे २१, म्हणजे चार तिकिटं, आणि मोठी माणसं तीनच. चौथ्या तिकिटावरची मुलं वेगळ्या डब्यात गेली तर काय करणार? चौथा माणूस घ्याच, नाहीतर पत्र घेऊन खिडकीवर गटाचं आरक्षण करा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मेच्या सुरुवातीला सगळी गर्दी मुंबईहून कोकणात असते, म्हणजे तुमची जाणारी गाडी मिळेल, परतीची आधी बघा.

तीन: स्लीपरमध्ये ५ ते ११ वयाच्या मुलाला अर्धं भाडं, पण बर्थ नाही. रात्रीच्या प्रवासाला बर्थ हवीच, मग भाडं पूर्ण. अर्ध्यात भागवलंत तर दोघं एका बर्थवर आणि पहाटे भांडण.

दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल, तिसरं स्टेशन महालक्ष्मी. सकाळी आठ ते अकरा मुलांना लोकलमध्ये घालू नका. आणि तुतारी पोचते तेव्हा केंद्र उघडायला वेळ असतो, तोंड धुणं-नाश्ता कुठे ते आधीच ठरवून ठेवा. नाहीतर १८ मुलं तीन तास फलाटावर.

रूळमाप

जाताना अंधार, म्हणून वेग मोजायचा खेळ पहाटेनंतरच. रुळाकाठच्या किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत सेकंद मोजा आणि ३६०० ला भागा. ३६ सेकंद म्हणजे ताशी १००, ४५ म्हणजे ८०. विजेच्या खांबांवरही किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो, दगड चुकला तर तो वाचा.

दिवसाच्या गाडीने गोव्याला जाणाऱ्यांसाठी तर कोकण रेल्वे हीच मोठी सहल. संगमेश्वर सोडलं की उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटर. आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं लागली तर वेग ताशी ७८. रत्नागिरीनंतर निवसरच्या आधी पानवल नदीचा पूल, ६४ मीटर उंच. तिथे मुलांना खिडकीशी गर्दी करू देऊ नका, दरवाजे बंद. एखाद्या स्टेशनात रो-रो उभी दिसली तर नशीब: वाघिणींवर चढवलेले अख्खे ट्रक. १९९९ पासून चालते, २०२५ च्या गणपतीत मोटारींसाठीही कोलाडहून सुरू केली.

कुडाळकरीण

आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना गोवा जवळ, म्हणून बोगमाळोबद्दल दोन ओळी. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन बघाल तेव्हा शेपटीला तीन उभे पंख का, हे विचारा. एकच उंच केला असता तर हॅंगरच्या दारातून आत गेलं नसतं. आणि जहाजावरच्या विमानांचे पंख कुठे दुमडतात ती बिजागरी शोधायला लावा. युद्धनौकेवर जागा कमी, हे न सांगता कळतं. हात लावायचा की नाही ते तिथल्या पाट्या बघून.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे आभार. मिनीबस अष्टमीला, तुतारी ११ ची, मोठी माणसं चार. एक राहिलं: सिरिंजचे दट्टे दुसऱ्या दिवशी अडकतात. खोबरेल लावू का?

आगारवाला

तेल नको हो ताई, रबर फुगून बसतं, मग हलायचंच नाही. ग्लिसरीनचा एक थेंब, किंवा साबणाचं पाणी. आणि रात्री ठेवताना दट्टा बाहेर काढून ठेवा.